त्रेसष्ट नंबरचा बिल्ला

आमच्या नगरपालिकेच्या पर्यटन विभागात एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी, एवढंच आहे. दुसरी खुर्ची पर्यटकासाठी. पूर्वी तिच्यावर जन्म-मृत्यू विभागाच्या फाइली बसायच्या, कारण गावात नियमानं येणारं-जाणारं तेवढंच होतं. मग तीस वर्षं बंद पडलेल्या खाणीचं पर्यटनस्थळ करून गावाला ऊर्जितावस्था आणायची, असा ठराव झाला. विरोधकांनीही विरोध केला नाही, कारण त्या दिवशी ते आलेच नव्हते. फाइली उठल्या आणि टेबल-खुर्च्यांसकट मला खाणीच्या तोंडाशी, पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवण्यात आलं.

खाणीला दोन बोगदे. वरचा कोरडा आहे. त्यात जुनी रुळगाडी, भिंतीवर दिवे आणि बसायला दोन बाकं. तिथून सत्तर पायऱ्या उतरलं की खालचा बोगदा लागतो आणि त्याला चारी बाजूंनी पाणी झिरपतं. सकाळी पंप लावून पाणी उपसायचं, तेव्हा कुठे लाकडी फळ्यांची वाट उघडी पडते आणि पर्यटक तिच्यावरून चालतात. पाचला पंप बंद. मग पाणी आपल्या घरी परत यायला लागतं. अर्ध्या तासात वाटेवर, तासाभरात गुडघ्याला, दोन तासांत छातीला. पहाटेपर्यंत छताला टेकतं. पंपाच्या खोलीला लोखंडी दार आहे आणि त्याची किल्ली पाचच्या ठोक्याला मुख्याधिकारी मॅडमच्या कपाटात जमा होते. मागे एकदा पंपवाला पंप चालू ठेवून मेव्हण्याला आणायला गेला होता आणि मोटार जळली होती. तेव्हापासून हा नियम.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण माझे सासरे त्या खाणीचे शेवटचे मुकादम. वय बहात्तर, छातीत दमा, आवाज मात्र सुरुंगाआधी इशारा देणाऱ्याचा. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात, आणि 'बापू'वर किती जोर पडला यावरून माझं त्या दिवशी काय चुकलंय ते कळतं. नगरपालिकेनं त्यांना मार्गदर्शक म्हणून बोलावलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. बिल्ल्यांचा फळा पुन्हा लागला पाहिजे.

खाणीतली जुनी पद्धत होती ती. लाकडी फळ्यावर एकशे वीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक नंबरचा पितळी बिल्ला. आत जाणाऱ्यानं आपला बिल्ला काढून गळ्यात घालायचा आणि बाहेर आला की लगेच खिळ्याला लावायचा. संध्याकाळी फळा भरलेला दिसला की मुकादम घरी जायचा. एक जरी खिळा रिकामा दिसला, तर कोणीच घरी जायचं नाही.

फळा लागला. पर्यटकांना फार आवडला. गळ्यात बिल्ला घालून लोक असे फोटो काढून घेत, जणू पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडत आलेत.

पण पर्यटक येत होते दिवसाला तीस-पस्तीस. प्रादेशिक कार्यालयाचा नियम असा की वर्षाला पंचवीस हजार माणसं आली, तर 'मान्यताप्राप्त पर्यटनस्थळ' हा दर्जा मिळणार. नाही आली तर खाणीला परत कुलूप आणि माझी परत जन्म-मृत्यूत रवानगी. आकड्याचा पुरावा म्हणून रोज दुपारी चारला फळ्याचा फोटो पाठवायचा होता. जेवढे खिळे रिकामे, तेवढी माणसं आली.

आता माणूस बाहेर आल्यावर बिल्ला लगेच खिळ्याला लागला, तर चार वाजता फळा भरलेला दिसणार आणि पर्यटन शून्य. म्हणून मी पद्धतीत एक छोटीशी सुधारणा केली. परत आलेले बिल्ले दिवसभर माझ्या टेबलाच्या खणात ठेवायचे आणि फोटो निघाल्यावर एकदमच लावायचे. मामा दिवसभर बोगद्यात असत, त्यांना संध्याकाळी फळा भरलेला दिसे. सगळं छान चाललं होतं. मग मॅडम एकदा फोटो बघून म्हणाल्या, "अजून थोडे खिळे रिकामे दिसले असते तर." एवढंच म्हणाल्या. मी नोकरदार माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा बिल्ले काढून खणात टाकले, पंधरा तिकिटं फाडली आणि पंधरा पर्यटक गावात येऊन, खाण बघून, समाधान व्यक्त करून गेले.

पुढे पुढे ते तीस झाले, मग पन्नास.

त्या दिवशी दर्जा ठरवणारी समिती स्वतः आली होती. सकाळी मी जरा सढळ हातानं बिल्ले काढले, दुपारी हुरूप येऊन आणखी काढले. चार वाजता समितीच्या अध्यक्षांनी फळ्यापुढे उभं राहून रिकामे खिळे मोजले. एकशे बारा. "वा," असं ते दोनदा म्हणाले. मग सगळ्यांना सत्कारासाठी नगरपालिकेच्या सभागृहात नेण्यात आलं. मामांनाही हेल्मेट घालून गाडीत बसवलं. निमंत्रणपत्रिकेत त्यांचा उल्लेख 'जिवंत वारसा' असा होता.

गाडीत बसता बसता ते म्हणाले, "जावईबापू, आज तुम्हाला खाली जावं लागेल. तबेल्यापर्यंत सगळं पायाखाली घाला. लांबून बघू नका."

तबेला म्हणजे खालच्या बोगद्याच्या टोकाची खोली, जुन्या काळी तिथे गाड्या ओढणारी घोडी बांधत. तिची जमीन उंच आहे, पण तिकडे जाणारी वाट मध्ये खोल उतरते. त्यामुळे पाणी आधी वाट बंद करतं आणि मग सावकाश खोलीकडे वळतं.

"हो मामा," मी म्हटलं.

मी जेमतेम पन्नासेक पायऱ्या उतरलो. खाली चिखल होता आणि समितीसाठी बूट नवे घातले होते. तिथूनच "कोणी आहे का?" असं दोनदा ओरडलो आणि वर आलो. पाचला पंपवाल्यानं पंप आणि दिवे बंद केले, किल्ली घेतली आणि तो गेला.

मग मी बिल्ले लावायला बसलो. एकशे बारा बिल्ले नंबरवार लावायला वेळ लागतो. शेवटी एकशे विसावा लावला, मागे सरून पाहिलं आणि त्रेसष्ट नंबरचा खिळा रिकामा दिसला.

खण पालथा केला. टेबलाखाली पाहिलं. दोन्ही खिसे, डबा, छत्रीची घडी, कचऱ्याची टोपली. बुटांतसुद्धा पाहिलं. एकदा वाटलं, सकाळी आपण काढलेल्यांपैकीच हा असणार, कुठेतरी घरंगळला असेल. लगेच वाटलं, नसला तर? त्या दिवसाची खरी माणसं किती होती ते मला आठवेना. पस्तीस की छत्तीस? खोटे बिल्ले किती काढले होते? शहात्तर की सत्त्याहत्तर? लबाडीची नोंद कोणी करत नाही, तशी मीही केली नव्हती. तिकिटांची अर्धुकं एकशे बारा होती, कारण तीही मीच फाडली होती. कागद इतके चोख जुळत होते की त्यांतून काहीच कळत नव्हतं.



तेवढ्यात मामा दारात उभे. भाषणांना कंटाळून हेल्मेट परत ठेवायला आले होते. माणूस घरात आल्यावर घड्याळाकडे बघतो तसं त्यांनी फळ्याकडे बघितलं.

"त्रेसष्ट कुठाय?"

"पडला असेल कुठेतरी."

"पडला असेल तर दिसेल की."

"नाहीतर कोणी आठवण म्हणून नेला असेल. पर्यटक काय मामा, हॉटेलातले टॉवेलसुद्धा नेतात."

ते हसले नाहीत. "आमचा साहेबही असंच म्हणाला होता. खिशात घालून नेला असेल म्हणाला, सकाळी येईल. सकाळी पाणी उपसल्यावर माणूस सापडला. बिल्ला गळ्यातच होता. त्याच्या बायकोला सांगायला मला पाठवलं होतं." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तबेल्यापर्यंत गेला होतात ना?"

"हो," मी म्हटलं.

हे 'हो' तोंडातून निघायला अर्धा क्षण जास्त लागला. तेवढ्यात मामांनी भिंतीवरची टॉर्च काढली होती. ते आत गेले. त्यांना थांबवायला 'बिल्ले मीच काढलेत' हे एकच वाक्य पुरेसं होतं. ते म्हणायच्या ऐवजी मी खण पुन्हा पालथा केला.

फोन वाजला. ही होती.

"अहो, बाबा तिकडे आहेत का? सत्कारातून कधीचे निघालेत म्हणे. औषधाची डबी इथेच टेबलावर राहिलीय."

"इथेच आहेत."

"काय करतायत?"

"बघतायत."

"काय बघतायत?"

"खाली... कोणी राहिलंय का ते."

"पंप तर पाचला बंद होतो ना?" मुकादमाची मुलगी ती. "मग तुम्ही काय करताय?"

फोन ठेवला आणि दुसरी टॉर्च घेऊन धावलो.

सत्तर पायऱ्या मी कधी मोजल्या नव्हत्या, माहितीपत्रकात लिहिल्या होत्या. त्या दिवशी सहासष्टाव्या पायरीलाच पाय पाण्यात गेला. ते पाणी थंड असतं असं म्हणणं म्हणजे आगीला कोमट म्हणणं. खाली काही दिसत नव्हतं. फक्त भिंतींतून पाणी पाझरल्याचा आवाज सगळीकडून येत होता, अंधारात पुष्कळ माणसं हळू आवाजात बोलत असल्यासारखा. मला सारखं वाटत होतं की ती माझीच आहेत, गेल्या आठ महिन्यांत मी आत सोडलेली आणि बाहेर कधीच न काढलेली.

"मामा!"

"इकडे." आवाजापेक्षा धाप जास्त होती. ते पायऱ्यांच्या पायथ्याशी, जुन्या काळी पाणी उपसणाऱ्या पाणचक्कीला धरून उभे होते, गुडघ्याच्या वर पाणी. "डावीकडचं बघून झालं. आता उजवीकडचं बघतो. तुम्ही कशाला आलात?"

"मामा, वर चला. आत कोणी नाही."

"कशावरून?"

तिथे, गुडघाभर पाण्यात, मी सांगितलं. खण, फोटो, खोटी तिकिटं, सगळं. अंधार होता म्हणून सांगता आलं. बोलताना माझे दात वाजत होते, त्यामुळे कबुलीजबाब तुकड्या-तुकड्यांनी बाहेर पडला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सगळीच माणसं खोटी?"

"नाही. पस्तीस खरी. नाहीतर छत्तीस."

"मग हा त्रेसष्ट त्यांच्यातला की तुझ्यातला?"

अठरा वर्षांत ते मला पहिल्यांदा 'तू' म्हणाले. पाण्यापेक्षा ते जास्त झोंबलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही ना? मग आहे."

"पण मामा—"

"माहीत नसलं की माणूस आत आहे असं धरायचं. हाच नियम. दुसरा नाही." त्यांना खोकल्याची उबळ आली. चक्कीवर डोकं टेकून त्यांनी ती जाऊ दिली. "मी पायऱ्यांपासून उजवीकडे सरकत जातो. तू किल्ली आण. पंप लागला नाही तर तासाभरानं तबेल्याकडे जाता येणार नाही, आणि मला परत येता येणार नाही."

"तुम्ही वर चला, मग आपण दोघं—"

"जा म्हणतो ना! का इथे उभा राहून माझा पण फोटो काढणार आहेस?"

मी वर आलो. पंपाच्या खोलीचं कुलूप आधी दगडानं तोडून पाहिलं. तीन घाव घातले. दोन कुलपाला लागले आणि एक अंगठ्याला. मग स्कूटर काढली.

सभागृहात चहा चालू होता. मंचामागच्या फलकावर 'पर्यटनातून पुनरुज्जीवन' असं लिहिलेलं आणि त्याखाली आजच्या फळ्याचा भलामोठा फोटो. नगराध्यक्ष बोलत होते. "आज एका दिवसात एकशे बारा जण आपल्या खाणीत उतरले," ते म्हणाले, "आणि एकशे बारा जण आनंदानं परतले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीच्या कडेकडेनं पुढे गेलो. माझ्या मागे ओल्या पावलांची रांग उमटत होती, आणि दोन बायकांनी पाय वर घेतले.

मॅडम पहिल्या रांगेत होत्या. मी त्यांच्या खुर्चीपाशी वाकलो.

"किल्ली हवी, मॅडम. पंपाची."

"आत्ता? काय झालं? पडलात का कुठे?"

"मामा खाली आहेत. पाण्यात."

"ते तर इथे होते! खाली कशाला गेले?"

"एक बिल्ला कमी आहे. आत कोणीतरी राहिलंय."

"कोण?"

"माहीत नाही. बहुतेक कोणी नाही."

मॅडमनी समितीच्या दिशेला चेहरा हसरा ठेवला आणि आवाज आणखी खाली आणला. "म्हणजे तुमच्यातला की खरा?"

इतके दिवस मला वाटायचं, हे फक्त मलाच ठाऊक आहे.

"तेच कळत नाहीये."

"मग गडबड करू नका. पाच मिनिटांत दर्जाची घोषणा आहे. ती होऊ द्या, मी स्वतः किल्ली देते. कोणाला काही बोलू नका."

पाच मिनिटं. मी मनातल्या मनात हिशेब केला. पाच मिनिटांचं भाषण आमच्याकडे कधीच पाच मिनिटांत संपलेलं नाही. मामांचा तो खोकला कानात होता, चक्कीवर टेकलेलं ते डोकं डोळ्यांसमोर होतं. भीतीची गंमत अशी की एकाच वेळी दोन भीती मावत नाहीत. नोकरी जाण्याची भीती मला वीस वर्षं पुरली होती. त्या क्षणी शोधली तर ती सापडेना, दुसरीनं सगळी जागा घेतली होती.

"मॅडम, आत्ता द्या," मी म्हटलं. ते फार मोठ्यानं आलं असणार, कारण नगराध्यक्ष बोलायचे थांबले.

समितीचे अध्यक्ष पुढे वाकले. अंगावर नुकतीच घातलेली शाल होती. "काय झालंय?"

"काही नाही सर, तांत्रिक बाब आहे," मॅडम म्हणाल्या.

"खाणीत माणूस राहिलाय," मी म्हटलं.

"अहो, मग किती आत गेले, किती बाहेर आले, ते बघा ना. तुमची पद्धत तर फार छान आहे."

"आत गेले एकशे बारा असं लिहिलंय, साहेब. ते खरं नाही. खरे पस्तीस आहेत नाहीतर छत्तीस. त्या पस्तीस आणि छत्तीसच्या मधला जो आहे, तो आत आहे. आणि त्याला शोधायला माझे सासरे गेलेत. ते मात्र नक्की आहेत."

मॅडम उठल्या. मला वाटलं आता निलंबन इथेच, उभ्या उभ्या. त्या माझ्या अंगठ्यावरच्या रक्ताकडे बघत होत्या. मग तरातरा चालत आपल्या खोलीत गेल्या, कपाट उघडलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. सवयीनं रजिस्टरही पुढे केलं. मग ते स्वतःच मिटून म्हणाल्या, "जा हो, जा लवकर. मी अग्निशमनवाल्यांना फोन करते." अग्निशमनची गाडी शेजारच्या गावाहून यायची होती. आमची गाडी पर्यटकांना बसून फोटो काढण्यासाठी चौकात कायमची उभी केलेली आहे. तिची चाकं काढून खाली विटा लावल्यात.

पंप सुरू झाला तेव्हा पावणेसात वाजले होते. दिवे लागले नाहीत, खालचा विजेचा डबा पाण्यात गेला होता. पंप सुरू झाल्यानं पाणी लगेच उतरत नाही. आधी चढायचं थांबतं, आणि ते थांबलंय की नाही हे बघत उभं राहण्याइतका धीर माझ्यात नव्हता.

मामा पायऱ्यांवर होते. एकसष्टाव्या पायरीवर बसलेले, छातीपर्यंत भिजलेले, ओठ काळेनिळे. श्वास घेताना शिट्टी वाजत होती. मी खाली बसून त्यांचा हात धरला. हात जिवंत माणसाचा वाटत नव्हता.

"उजवीकडे कोणी नाही," ते म्हणाले. प्रत्येक शब्दासाठी एक श्वास. "तबेला राहिला. पाणी फार होतं. दम पुरेना." आणि उठायला लागले.

"मामा, कुठे?"

"पंप लागलाय ना. आता जाता येईल."

मी त्यांना खांदे धरून खाली बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर जोर केला आणि ते बसले. त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"मी जातो," मी म्हटलं.

"भिंतीवरचा हात सोडायचा नाही. मध्ये उतार लागेल, तिथे गळ्यापर्यंत येईल. वीस-पंचवीस पावलं. मग चढ आहे. घाबरलास तर उभा राहा, पळायचं नाही."

मला पोहता येत नाही. ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

भिंत गुळगुळीत आणि बुळबुळीत होती. पाणी आधी पोटाला, मग छातीला. टॉर्च डोक्यावर धरली होती आणि पावलागणिक उजेड छतावर नाचत होता. पायाखाली फळी आली, फळी संपली, मऊ काहीतरी आलं, तेही संपलं. उतार सुरू झाला. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा मी थांबलो आणि अगदी मनापासून इच्छा केली की तिकडे कोणी नसावं. बिल्ला टेबलाच्या फटीत असावा. हे सगळं फुकट जावं. इतक्या कळकळीनं मी आजवर काही मागितलं नव्हतं.

"कोणी आहे का?" मी ओरडलो. या वेळी उत्तरासाठी थांबलो.

"आहे हो," अंधारातून बसक्या आवाजात उत्तर आलं. "डावीकडे या. समोर दगड आहे, आपटाल."

माझे पाय खालून निघालेच. भिंतीतल्या एका कडीला हात अडकला म्हणून वाचलो. चढ लागला, पाणी कमरेवर आलं, आणि टॉर्चच्या उजेडात तबेल्यातलं दगडी कुंड दिसलं. त्याच्या कडेवर एक साठीची बाई बसली होती. मांडीवर पर्स, शेजारी नीट जोडून ठेवलेल्या चपला, गळ्यात बिल्ला. पाणी तिच्या पावलांना लागत होतं.

"हाक का नाही मारली?" मी विचारलं. घाबरलेला माणूस दुसऱ्यावरच ओरडतो.

"मारली की. दीड तास मारली. आता घसा बसलाय."

"पण मी पाचच्या आधी येऊन विचारलं होतं."

"ऐकलं ना मी. 'आहे, आहे' म्हटलं. तुम्ही थांबलाच नाहीत." तिनं चपला पर्समध्ये कोंबल्या. "इथे जरा टेकले होते, निवांत वाटलं म्हणून. एकदम दिवे गेले. म्हटलं, अंधारात पाय घालून बुडण्यापेक्षा बसून राहावं. बाहेर पाटी वाचली होती, शेवटचा बिल्ला परत आल्याशिवाय आम्ही घरी जात नाही म्हणून. मग काय, येतीलच म्हटलं."

ती पाटी मी रंगवून घेतली होती. वाक्य आकर्षक वाटलं होतं.

"तुम्हीच का ते मोजणारे?" तिनं विचारलं.

"हो."

"फार उशीर केलात."

मी पाठ केली, तिनं माझ्या शर्टाची कॉलर मुठीत धरली आणि आम्ही पाण्यात उतरलो. उतार आला तशी तिची मूठ घट्ट झाली. ती माझ्यापेक्षा बुटकी होती, पाणी तिच्या तोंडाशी आलं असणार. मी थांबलो. पाय पुढे पडेना.

"घाबरलात?" कानामागून आवाज आला.

"हो."

"मीही. पावलं मोजा. मोठ्यानं. शाळेत आगीची कवायत असायची, तेव्हा आम्ही पोरांना असंच बाहेर काढायचो. मोजताना माणूस दुसरं काही करू शकत नाही."

"एक," मी म्हटलं. "दोन. तीन." पाणी नाकाशी हेलकावत होतं, त्यामुळे आकडे बुडबुड्यांसकट निघत होते. "सतरा. अठरा. वीस."

"एकोणीस राहिलं."

"एकोणीस," मी म्हटलं, आणि का कोण जाणे, एक पाऊल मागे घेऊन पुन्हा पुढे टाकलं.

बत्तीसला पाणी छातीवर आलं. चाळीसच्या पुढे पायाला फळी लागली. समोर मामांची टॉर्च दिसली, एकाच जागी, थोडीशी हलणारी. ती तशीच हलत राहावी म्हणून मी तिच्यावरची नजर काढली नाही.

"किती आहात?" त्यांनी वरून विचारलं. त्यांचा आवाज पार गेला होता, पण प्रश्न तोच होता.

"दोन!"

"नीट बघून सांग."

बाईंचा हात पायरीच्या कठड्यावर ठेवला आणि मी वळलो. टॉर्च मागे फिरवली. काळं पाणी, भिंतीवर हलणारा उजेड, तबेल्याकडे उतरत गेलेला बोगदा. मी पाण्यात तसाच उभा राहिलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पाणचक्कीच्या मागे, कोपऱ्याकोपऱ्यात उजेड नेला, पुन्हा नेला. पाझरण्याचा आवाज पुष्कळ माणसांसारखा येत होता. तो ऐकत, कान देऊन, मी बराच वेळ बघत राहिलो. मग सांगितलं, "दोनच."